जुना रेकॉर्डप्लेअर : दुरुस्ती की नवी खरेदी?

ध्वनिमुद्रिका वाजविणारे यंत्र जुने झाले म्हणजे ते सर्वांगाने झिजले असे नव्हे. त्याचे काही भाग नाशिवंत असतात, तर काही दीर्घायुषी. रबर, वंगण व सुई हे पहिल्या वर्गातले. धातूची फिरती थाळी, तिचा आस व मोटर हे दुसऱ्या वर्गातले. बिघाड कोणत्या वर्गातला आहे, हे ओळखले की निम्मा निर्णय होतो. उरलेला निम्मा निर्णय घरात कोणत्या तबकड्या आहेत यावर अवलंबून असतो.

गतीची परीक्षा

थाळीची गती तपासण्यासाठी स्ट्रोबोस्कोप ही रेघा आखलेली चकती वापरतात. भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्यामुळे त्यावर चालणारा निऑनचा लहान दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो. त्याच्या प्रकाशात, थाळी मिनिटाला ३३ १/३ फेरे घेत असेल तर १८० रेघांचे वर्तुळ स्थिर दिसते. रेघा फिरण्याच्या दिशेने पुढे सरकल्यास गती जास्त, मागे सरकल्यास कमी समजावी. त्या पुढेमागे झुलू लागल्या तर बहुधा रबरी पट्टा सैलावलेला असतो किंवा रबरी चाक घसरत असते. यंत्र बराच काळ बंद राहिले असता दाबाखाली असलेल्या चाकाला एका जागी चपटेपणा येतो व ठरावीक अंतराने धडधड ऐकू येते. पट्टा किंवा चाक बदलणे हा अल्प खर्चाचा उपाय होय.

तबकड्या आपोआप बदलणाऱ्या यंत्रांत जुने ग्रीस घट्ट होऊन बसते. अशा वेळी मोडलेली वाटणारी यंत्रणा केवळ अडलेली असते. ती स्वच्छ करून नवे वंगण दिले की पुष्कळदा पूर्ववत चालू लागते.

मात्र वीज बंद करून थाळी हाताने फिरविली असता आसातून घरघर येत असेल, अथवा थाळी आडवी हलत असेल, तर आसाची बैठक झिजली आहे असे समजावे. तिचा सुटा भाग मिळत नसल्यास नवे यंत्र घेणेच श्रेयस्कर.

सुई आणि कार्ट्रिज

नीलमाची सुई सुमारे ५० तास टिकते, हिऱ्याची ५०० ते १००० तास. रोज एक तास ऐकणाऱ्याची नीलमाची सुई दोन महिन्यांच्या आतच झिजते. झिजलेल्या सुईला कडा येतात व त्या खाचेच्या भिंती खरवडतात. जुन्या स्फटिक कार्ट्रिजमधील रोशेल सॉल्ट दमट हवेत खराब होते. त्यामुळे किनारपट्टीवरील प्रदेशात यंत्र धडधाकट असूनही आवाज क्षीण होऊ शकतो. म्हणून इतर कोणताही खर्च करण्यापूर्वी योग्य सुई वा कार्ट्रिज मिळते का, याची चौकशी करावी. अर्धा इंच अंतरावरील दोन स्क्रूंनी कार्ट्रिज बसविण्याची सोय असेल, तर निवडीस बराच वाव राहतो.

तबकड्यांचा विचार

भारतातील ध्वनिमुद्रणास १९०२ साली कलकत्त्यात प्रारंभ झाला. त्यानंतरची अनेक दशके येथील संगीत मुख्यतः लाखेच्या, ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर मुद्रित होत राहिले. त्यांपैकी पुष्कळ मुद्रणे पुन्हा निघालेली नाहीत. या तबकड्यांची खाच रुंद असल्याने त्यांना सुमारे ७० मायक्रॉन त्रिज्येच्या टोकाची सुई लागते. १९४८ साली आलेल्या दीर्घवादन तबकडीला सुमारे १८ मायक्रॉनची सुई पुरते. बारीक सुई रुंद खाचेच्या तळाशी घासून खरखर करते, तर जाड सुई बारीक खाच बिघडविते. आज मिळणाऱ्या अनेक नव्या यंत्रांत ७८ ची गतीच नसते. तेव्हा ज्या घरी लाखेच्या तबकड्या आहेत, तेथे त्या गतीचे जुने यंत्र दुरुस्त करून ठेवणे बहुधा योग्य.

याउलट, घरात केवळ दीर्घवादन तबकड्या असतील आणि जुन्या यंत्राच्या सुईचा भार ५-६ ग्रॅमखाली आणता येत नसेल, तर नवे यंत्र घेणे इष्ट. चुंबकीय कार्ट्रिजला साधारण दीड ते अडीच ग्रॅम भार पुरतो.

निर्णय होईपर्यंत सदोष यंत्रावर तबकडी लावू नये. यंत्राला पर्याय मिळतो. झिजलेली खाच मात्र पुन्हा भरून येत नाही.