डोक्याला मार लागलेला विद्यार्थी आणि शिक्षक

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूर जिल्ह्यातील रस्ते गाड्या-ट्रॉल्यांनी भरून जातात. चालत्या गाडीतील ऊस ओढताना एखादे मूल पडते. कोणी झाडावरून घसरते, कोणी कबड्डीत आपटते, तर कोणी तालमीच्या हौद्यात डोक्यावर पडते. टेंगूळ चार दिवसांत ओसरते व मूल शाळेत येऊन बसते. जखम दिसत नाही, म्हणून ते बरे झाले असे सर्वजण गृहीत धरतात. चूक होते ती येथेच.

असा विद्यार्थी फळ्यावरील मजकूर उतरवून घेताना मध्येच थांबतो. पाठ असलेल्या पाढ्यांत अडखळतो, गोंगाटाने चिडतो, उन्हाच्या तिरीपेने डोळे मिटतो. त्याचे डोके दुखते, त्याला भोवळ येते, रात्री झोप लागत नाही. घरचे म्हणतात, पोर बिघडले. शिक्षकांना वाटते, ते आळशी झाले. वस्तुतः त्याचा मेंदू अद्याप पूर्ववत् झालेला नसतो.

मेंदू कवटीच्या आत द्रवात तरंगत असतो. जोराचा हिसका बसला म्हणजे तो आतल्या आत हलतो आणि मज्जापेशींच्या कार्याचा व ऊर्जेचा मेळ काही काळ बिघडतो. हा बिघाड रचनेचा नसून कार्याचा असल्याने साध्या तपासणीत अथवा सीटी स्कॅनमध्येही तो बहुधा दिसत नाही. ‘स्कॅन चांगला आला’ याचा अर्थ ‘मुलाला काही होत नाही’ असा नव्हे. बहुतेक मुले चार आठवड्यांच्या आत बरी होतात. काहींची लक्षणे मात्र त्यापुढेही रेंगाळतात. अशा वेळी पुन्हा डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मानेची दुखापत, दृष्टीतील दोष, तोल जाणे, झोपेचा अभाव किंवा मनातील भीती यांपैकी एखादे कारण त्यामागे असते व त्यावर उपचार करता येतात.

विश्रांती किती द्यावी, याविषयी पूर्वीची समजूत आता बदलली आहे. मुलास अंधाऱ्या खोलीत कित्येक दिवस निजवून ठेवणे हितकारक नाही. पहिले एकदोन दिवस आराम, मोबाइल व दूरदर्शन यांपासून दूर राहणे, नंतर थोडे चालणे-फिरणे आणि मग क्रमाक्रमाने अभ्यास, हाच योग्य मार्ग होय. लक्षणे वाढली तर एक पायरी मागे यावे. थोडीशी डोकेदुखी झाली म्हणून सारेच थांबवू नये.

शाळेत शिक्षकांना पुढील गोष्टी विनाखर्च करता येतील. प्रारंभी त्यास अर्धा दिवसच बसवावे. खिडकीच्या झगमगाटापासून दूर, परंतु फळ्याजवळ जागा द्यावी. पंधरा-वीस मिनिटांचे वाचन झाले की थोडी उसंत द्यावी. फळ्यावरील मजकूर उतरवण्याऐवजी सोबत्याची वही द्यावी. लेखी चाचणीऐवजी तोंडी प्रश्न विचारावेत, किंवा वेळ वाढवून द्यावा. कोणत्या वेळी व कशाने त्रास होतो याची नोंद ठेवून ती पालकांना दाखवावी. डॉक्टरांनाही तिचा उपयोग होतो. वर्गातील मुलांनाही दोन शब्दांत समजावून सांगावे, म्हणजे चिडवणे थांबते. शारीरिक शिक्षेस २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहेच. अशा मुलाच्या डोक्यावर टपली मारणे तर घातक ठरू शकते.

खेळाची बाब अधिक जपण्याची आहे. शाहू महाराजांच्या काळात, १९१२ मध्ये, उभे राहिलेले खासबागेचे मैदान ज्या गावाचे भूषण आहे, तेथील मुलास कुस्तीपासून दूर ठेवणे कठीण जाते. तरीही पूर्ण वेळ शाळा सोसू लागल्यावाचून व डॉक्टरांची अनुमती मिळाल्यावाचून त्यास कुस्ती, कबड्डी वा फुटबॉल खेळू देऊ नये. पहिला आघात भरून येण्यापूर्वी बसलेला दुसरा आघात फार महागात पडतो. ‘पैलवान रडत नाही’ असे सांगून मुलाची तक्रार दडपू नये.

काही लक्षणांत मात्र क्षणाचाही विलंब नको. वारंवार उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, बोलण्यात असंबद्धता, हातापायांत दुर्बलता, जागे न होणारी गुंगी, बाहुल्यांचा लहानमोठा आकार, किंवा नाका-कानांतून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव दिसल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी व मुलास त्वरित रुग्णालयात न्यावे. बाधा समजून अंगाऱ्या-धुपाऱ्यात वेळ दवडू नये.

याच भूमीत १९१७ साली शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, ते एकही मूल शाळेबाहेर राहू नये म्हणून. अपमान झालेले मूल हळूहळू शाळा चुकवते आणि एके दिवशी हजेरीपटावर त्याच्या नावापुढे केवळ गैरहजेरी उरते. पट्टी न बांधलेली ही दुखापत ओळखणारा पहिला माणूस पुष्कळदा शिक्षकच असतो. ‘याला येत नाही’ असे म्हणण्यापूर्वी ‘याला काय होते आहे?’ एवढे जरी त्याने विचारले, तरी अर्धे काम झाले.