दगडू, नकुशा आणि पाळण्यातले अंतर

महाराष्ट्रातील जुन्या नावांचे ढोबळमानाने तीन गट पडतात. पहिला देवदेवता आणि संतांचा. मनमाडच्या पंचक्रोशीत खंडू, त्र्यंबक, निवृत्ती, सोपान, रेणुका, गोदावरी ही नावे घरोघर सापडतात, कारण चांदवडची रेणुका, वणीची सप्तशृंगी आणि त्र्यंबकेश्वर ही दैवते याच नाशिक जिल्ह्यातली. दुसरा गट घरातल्या पूर्वजांचा: आजोबांचे नाव नातवाला, आजीचे नातीला. तिसरा गट भीतीतून आणि थकव्यातून आलेला आहे. दगडू, धोंडू, केरू, भिका, नथू ही नावे बहुधा आधीची मुले दगावलेल्या घरांत ठेवली जात. मुलगा हवा असताना पाठोपाठ मुलीच झाल्या, की नकुशा किंवा नकोशी हे नाव येई.

या तिसऱ्या गटामागे ठरावीक रीती होत्या. नवे मूल उकिरड्यावर क्षणभर ठेवून उचलून आणायचे आणि केरू म्हणायचे. पाच घरी कापड मागून त्याचे झबले शिवायचे आणि भिका म्हणायचे. मुलग्याचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढवायचे आणि नथू म्हणायचे. दगडासारखे टणक राहावे, कुणाची नजर जाऊ नये, म्हणून दगडू आणि धोंडू. पोर जगावे एवढाच या सगळ्याचा हेतू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात जन्मलेल्या दर पाच मुलांपैकी साधारण एक मूल पहिला वाढदिवस पाहत नसे. ज्या आईने दोन-तीन बाळे पुरली, तिच्या हातात नाव वाईट ठेवण्यापलीकडे फारसे काही नव्हते. २०२० मध्ये महाराष्ट्रात हेच प्रमाण दर हजार जन्मांमागे १६ होते. हा बदल लसीकरण, दवाखान्यातील बाळंतपण, स्वच्छ पाणी, मुलींचे शिक्षण आणि दोन बाळंतपणांतले वाढलेले अंतर यांनी घडवला.

नावे आणि बाळंतपणांचा क्रम

अंगावरचे दूध भरपूर चालू असेल तर स्त्रीबीज सुटणे लांबते. पूर्वी मुले दोन-अडीच वर्षे आईचे दूध पीत, त्यामुळे भावंडांत आपोआप अंतर पडे. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपान आणि मुक्ताबाई यांचे जन्म एका परंपरेप्रमाणे शके ११९५, ११९७, ११९९ आणि १२०१ चे मानतात. दुसऱ्या परंपरेत हीच वर्षे ११९०, ११९३, ११९६ आणि ११९९ आहेत. म्हणजे दोन किंवा तीन वर्षांचे अंतर दोन्हीकडे आहे.

मूल दगावले की मात्र हा क्रम बिघडे. पाजणे थांबे, पाळी लवकर सुरू होई आणि अंगातली झीज भरून येण्याआधीच पुन्हा दिवस जात. पाठचे मूल कमी वजनाचे आणि बहुधा दिवस भरण्याआधी जन्माला येई, तेही दगावण्याचा धोका वाढे. एका मुलाचा मृत्यू दुसऱ्याच्या मृत्यूची वाट अशी मोकळी करी. दगडू आणि केरू ही नावे याच फेऱ्याच्या टोकाला येतात. नकुशाच्या घरी फेरा वेगळ्या कारणाने फिरे: मुलग्याच्या आशेने पाळणा थांबवला जात नसे, आणि आईचे शरीर वर्षा-दोन वर्षाला बाळंतपण सोसत राही.

अंतराचा विचार महाराष्ट्रात कसा रुजला

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कामापायी त्यांना महाविद्यालयातली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्याही चढल्या. त्यांच्यावरच्या एका खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. आंबेडकर आणि त्यांच्या पत्नी रमाबाई यांची चार मुले लहानपणीच गेली होती.

नोव्हेंबर १९३८ मध्ये आंबेडकरांच्या पक्षाचे पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने कराव्यात असा ठराव मांडला. ठरावावरचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. ठराव फेटाळला गेला. पुढे १९५२ मध्ये स्वतंत्र भारताने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला.

नावे आणि अंतर हे दोन्ही प्रश्न अलीकडे सातारा जिल्ह्याने हाताळले. २००७ मध्ये तेथील जिल्हा परिषदेने लग्नानंतर पहिले मूल दोन वर्षे लांबवणाऱ्या जोडप्यांना ५,००० रुपये आणि तीन वर्षे लांबवणाऱ्यांना ७,५०० रुपये देण्याची योजना सुरू केली. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याच जिल्ह्यात नकुशा नावाच्या २८५ मुलींचे समारंभपूर्वक नव्याने बारसे झाले आणि प्रत्येकीला नव्या नावाचे प्रमाणपत्र मिळाले.

एका घरातला अनुभव

प्रस्तुत लेखिकेचे सासर मनमाडचे. नवरा रेल्वेत रनिंग ड्यूटीवर, घरात सासू आणि आजेसासू. पहिली मुलगी सिझेरियनने झाली. ‘अंगावर पाजतेस तोवर दिवस जायचे नाहीत’ असे घरातल्या जाणत्या बायकांनी सांगितले, आणि पाळी आलेलीच नसल्याने ते पटलेही. मुलगी सहा महिन्यांची झाल्यावर तिला वरणाचे पाणी, नाचणीची पेज सुरू झाली, रात्रीचे पाजणे कमी झाले, आणि मध्ये एकदाही पाळी न येता पुन्हा दिवस गेले. मळमळ आणि चक्कर उन्हाळ्याच्या खात्यावर टाकली गेली. ते टंचाईचे दिवस होते. नळाला पाणी आले की हंडे आणि पिंपे भरून ठेवण्याला पर्याय नव्हता. कळले तेव्हा चौथा महिना उलटला होता आणि हिमोग्लोबिन आठच्या खाली गेले होते.

पुढे जे घडले ते पाठोपाठच्या बाळंतपणांत वारंवार घडते. थोरलीचे दूध एकाएकी तोडले गेले, तिला हगवण लागली आणि तिचे वजन महिनोन् महिने वाढेना. धाकटा आठव्या महिन्यात जन्मला. वजन दोन किलोच्या आत. तो नवजात शिशू कक्षात असताना आजेसासूने पाच घरचे कापड मागून आणले आणि पोराला भिका म्हणायचे असा आग्रह धरला. तिने स्वतःची बाळे गमावली होती, त्या आग्रहात निव्वळ माया होती. मूल तरले ते आईच्या छातीशी उघड्या अंगाने तासन् तास धरल्याने, वाटी-चमच्याने पाजलेल्या आईच्याच दुधाने आणि परिचारिकांच्या राखणीने. आईला शिरेतून लोह द्यावे लागले. दुसऱ्या सिझेरियनच्या वेळीच गर्भनिरोधक तांबी बसवण्यात आली. पाजणे, अंतर आणि साधने यांची नेमकी माहिती पहिल्या बाळंतपणात मिळाली असती तर दोन्ही मुलांचे हाल टळले असते. पुढील मार्गदर्शन त्याचसाठी आहे.

अंतर किती आणि का

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा, की एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस जाण्यात निदान २४ महिने जावेत. म्हणजे दोन मुलांच्या वयात साधारण पावणेतीन वर्षांचे अंतर पडते. आपल्याकडचा सरकारी कार्यक्रम तीन वर्षे सांगतो. गर्भपात झाला असेल तर किमान सहा महिने थांबावे. पाच वर्षांहून जास्त अंतर पडले तर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा वाढतो. पस्तिशी ओलांडलेल्या स्त्रीने किती थांबावे हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे, कारण तिच्या बाबतीत वाढत्या वयाचाही हिशेब असतो.

गरोदरपण, बाळंतपणातील रक्तस्राव आणि पाजणे यांत आईच्या अंगातले लोह आणि फोलेट खर्च होते. ते भरून यायला वेळ लागतो; म्हणूनच लोहाच्या गोळ्या गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस घ्यायच्या असतात. गरोदर स्त्रीचे हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजतात. सिझेरियन झालेल्या स्त्रीसाठी अंतर अधिक महत्त्वाचे, कारण गर्भाशयावरचा व्रण भक्कम होण्याआधी कळा सुरू झाल्या तर तो उसवण्याचा धोका असतो.

पाजणे आणि दिवस जाणे

पाजण्याने दिवस राहत नाहीत, ही समजूत तीन अटी एकाच वेळी पाळल्या तरच खरी ठरते: बाळ सहा महिन्यांच्या आतले हवे, त्याला दिवसा आणि रात्री केवळ आईचेच दूध मिळत असले पाहिजे, आणि पाळी सुरू झालेली नसावी. या तिन्ही अटी असताना दिवस जाण्याची शक्यता शेकडा दोनच्या आसपास असते. एकही अट सुटली की भरवसा संपला. स्त्रीबीज पाळीच्या आधी सुटते, त्यामुळे पहिली पाळी येण्याची वाट पाहत राहणे धोक्याचे. जी आई अंगावर पाजत नाही, तिला बाळंतपणानंतर महिन्याभरातही दिवस जाऊ शकतात.

साधने

सरकारी दवाखान्यात पुढील साधने विनामूल्य मिळतात. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत, सिझेरियनच्या वेळी, किंवा सहा आठवड्यांनंतर बसवता येते. तिचे पाच आणि दहा वर्षांचे प्रकार असून हवी तेव्हा ती काढता येते. अंतरा हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे. पाजणाऱ्या आईने ते सहा आठवड्यांनंतर सुरू करावे. त्याने पाळी अनियमित होते, कधी थांबते, आणि ते बंद केल्यावर पुन्हा दिवस राहायला काही महिने जास्त लागू शकतात. छाया या गोळ्या लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झाल्या. त्यांत संप्रेरक नसल्याने त्या पाजणाऱ्या आईला चालतात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी त्या घ्याव्या लागतात. माला-एन या गोळ्या पाजणाऱ्या आईने पहिले सहा महिने घेऊ नयेत. निरोध केव्हाही वापरता येतो, आणि त्याची जबाबदारी नवऱ्याने स्वतःहून घ्यावी. कुटुंब पूर्ण झाले असेल तर पुरुषाची बिनटाका नसबंदी स्त्रीच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी जोखमीची असते.

साधन कोणते हे सातव्या-आठव्या महिन्यातच, नवरा-बायकोने मिळून ठरवावे आणि बाळंतपणाच्या कागदावर लिहून घ्यावे. कळा सुरू झाल्यावर हा विषय निघत नाही, आणि बाळंतीण माहेरी गेली की महिने निसटतात. मनमाडमध्ये आशाताईंकडे आणि उपजिल्हा रुग्णालयात यासंबंधी विचारता येते. पहिल्या मुलानंतर जोडप्याने तीन वर्षांचे अंतर राखले तर आशाताईंना सरकारकडून मोबदलाही मिळतो, म्हणून त्यांना विचारण्यात संकोच करू नये. पाजत असताना मळमळ, चक्कर, दूध एकदम कमी होणे किंवा पोट जड वाटणे अशी लक्षणे दिसली तर पाळी आलेली नसली तरी लघवीची तपासणी करून घ्यावी. नको असताना दिवस गेले तर औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून घेऊ नयेत. मान्यताप्राप्त केंद्रातच जावे. दिवस गेलेच असतील आणि ठेवायचे असतील तर लगेच नाव नोंदवावे, हिमोग्लोबिन तपासावे आणि थोरल्याचे दूध एका दिवसात तोडू नये. अकाली प्रसूतीचा इतिहास किंवा अन्य अडचण नसेल तर गरोदरपणातही पाजता येते.

आज जुने नाव ठेवताना

मुक्ता, गोदा, सोपान, त्र्यंबक अशी नावे पुन्हा पाळण्यात येत आहेत, आणि ती जरूर यावीत. आजीचे नाव ठेवायचे असेल तर घरातल्या सुनेला ते हाकेसाठी उच्चारता येईल का, हे आधी बोलून घ्यावे. पुष्कळ घरांत सासूचे नाव घेत नाहीत, आणि मग मूल शाळेत जाईपर्यंत बाळच राहते. दगडू किंवा भिका हे नाव पूर्वजाच्या आठवणीने ठेवायचे असेल तर ते घरात लाडाने घ्यावे, दाखल्यावर मात्र मुलाला आयुष्यभर सहज सांगता येईल असे नाव असावे. मुलीच्या नावात नकाराची छटाही नसावी.

बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण त्या वेळी नाव ठरलेलेच पाहिजे असे नाही. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याखाली नाव वर्षभरात विनाशुल्क आणि पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. म्हणून मूल काचेच्या पेटीत असताना भीतीपोटी नाव ठरवू नये. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांसाठी महाराष्ट्रात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम आहे. दाखल्यावरील आई-वडिलांच्या नावांचे आणि आडनावाचे मराठी आणि इंग्रजी शुद्धलेखन त्यांच्या आधार कार्डांशी जुळवून पाहावे. आधीच ठेवलेले नाव बदलायचे असेल तर शाळेतील नोंद दहावीच्या परीक्षेआधी दुरुस्त करावी. नंतर राजपत्रात प्रसिद्धी देऊन प्रत्येक कागद स्वतंत्रपणे बदलावा लागतो.