माग बंद का राहतो? फेरीच्या वहीचा हिशेब

भिवंडी, मालेगाव किंवा इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखानदाराला उत्पादन वाढवावयाचे असले की पहिला विचार येतो तो आणखी चार माग घेण्याचा. मग जागा, वीजजोडणी आणि बहुधा व्याजाचे कर्ज. ते जमले नाही तर सगळा दोष विणकराच्या माथी. परंतु जे माग आज कारखान्यात आहेत ते दिवसातून किती वेळ बंद असतात आणि कशामुळे, याची लेखी नोंद फार थोड्या ठिकाणी सापडते. आम्ही कापडाचे व्यापारी. कोरा ताका उलगडून पाहणे हे आमचे रोजचे काम. ताक्यात आडवी पट्टी दिसली की पुष्कळदा माग तेथे थांबून पुन्हा सुरू झालेला असतो. म्हणजे बंद मागाचे नुकसान दुहेरी आहे. मीटर कमी पडतात आणि जे मिळतात त्यांचा भावही पडतो.

प्रथम साधे गणित पाहू. समजा माग मिनिटाला १४० पिक घेतो आणि पाळी १२ तासांची, म्हणजे ७२० मिनिटांची आहे. एकदाही न थांबता माग चालला तर १,००,८०० पिक होतील. कापडात इंचाला ६० पिक असतील तर एका मीटरला, म्हणजे ३९.३७ इंचांना, सुमारे २,३६२ पिक लागतात. या हिशेबाने पाळीत जवळजवळ ४२.६ मीटर कापड निघावयास हवे. प्रत्यक्षात ३० मीटर निघाले तर मागाची कार्यक्षमता ७० टक्के झाली. जेवण व नमाजची ठरलेली सुटी आणि वीज गेलेला वेळ ७२० मिनिटांतून आधीच वजा करावा. ती घट विणकराच्या किंवा मागाच्या खात्यात घालणे बरोबर नाही.

हा आकडा किती गेले ते सांगतो, कुठे गेले ते सांगत नाही. त्यासाठी प्रत्येक मागाजवळ घड्याळ घेऊन माणूस बसविणे लहान कारखान्याला परवडणारे नाही. इंग्लंडच्या सुती गिरण्यांत हीच अडचण होती. तेथील कापूस उद्योगाच्या संशोधन संस्थेतील संख्याशास्त्रज्ञ एल. एच. सी. टिपेट यांनी त्यावर सोपा मार्ग काढला व १९३५ मध्ये तो प्रसिद्ध केला. मागांवर सतत नजर ठेवण्याऐवजी वेळीअवेळी फेरी मारावयाची आणि त्या क्षणी किती माग चालू, किती बंद, एवढेच लिहावयाचे. फेऱ्या पुरेशा झाल्या की बंद मागांचे प्रमाण हेच बंद वेळेचे प्रमाण. पुढे जगभरच्या कारखान्यांनी उचललेली ही पद्धत मागांच्या खडखडाटात जन्मली, हे आपल्या धंद्यातल्या माणसाने विसरू नये.

हे काम मेहताजी किंवा मालकाचा मुलगा करू शकतो. वहीत मागांचे क्रमांक आणि पुढे कारणांचे रकाने आखावेत: ताणा तुटला, कांडी बदलणे, बीम संपला, यंत्राचा बिघाड, विणकर जागेवर नाही. वही उर्दूत उजवीकडून भरा की मराठीत डावीकडून, रकाने तेच. दोन पथ्ये मात्र कडक पाळावीत. फेरीची वेळ ठरलेली नसावी, नाहीतर त्या वेळेपुरते सगळे माग चालू दिसतील. सकाळीच चिठ्ठ्या काढून दिवसाच्या वेळा निवडाव्यात. आणि मागावर पहिली नजर पडली तेव्हाची स्थितीच लिहावी. तुम्हाला पाहून माग सुरू झाला तरी तो बंदच धरावा.

आता कारखाना २४ मागांचा आहे आणि सहा दिवस रोज दहा फेऱ्या झाल्या असे धरा. एकूण नोंदी १,४४० झाल्या. त्यांत ९७९ वेळा माग चालू आढळला, म्हणजे ६८ टक्के. बंदच्या ४६१ नोंदींपैकी ताणा तुटल्याच्या १६०, कांडीच्या १२०, बीमची वाट पाहण्याच्या ७०, बिघाडाच्या ६० आणि विणकर जागेवर नसल्याच्या ५१. एवढ्या नोंदींवरून आलेला टक्का दोन-अडीच टक्के इकडेतिकडे होऊ शकतो, पण मोठे कारण कोणते हे ओळखण्यास तो पुरेसा आहे. आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. तुमच्या वहीत वेगळे येतील.

वही वाचण्यातच खरी मेख आहे. ताण्याच्या तुटी एकाच मागावर गोळा झाल्या असतील तर दोष त्या मागाचा: फणी खराब असेल, वहीचा डोळा झिजला असेल, धोट्याला खरखर आली असेल. तिथे जॉबरला बोलवा. एकाच सायझिंगहून आलेले बीम जेथे जेथे चढले तेथे तुटी वाढल्या असतील तर जॉबर काय करणार? दोष सुताचा किंवा खळीचा आहे. म्हणून बीमचा क्रमांक व सायझिंगचे नाव मागासमोर लिहिलेच पाहिजे. तीच वही दाखवून सायझिंगवाल्याशी बोलता येते. नुसत्या तोंडी तक्रारीला तो दाद देत नाही. आणि तुटी सकाळी कमी, दुपारी सर्वच मागांवर जास्त असतील तर हवा कोरडी आहे. सुती ताण्याला विणताना साधारण ७५ ते ८० टक्के आर्द्रता मानवते. मालेगावच्या एप्रिल-मे महिन्यांत ती आपोआप कोठून मिळणार? जमिनीवर पाणी मारण्याची जुनी चाल अडाणीपणाची नव्हती.

कांडीचा हिशेबही करून पाहा. ३० नंबरच्या सुताची कांडी समजा साडेसात मिनिटे पुरते आणि विणकराकडे सहा माग आहेत. म्हणजे त्याला सरासरी दर सव्वा मिनिटाला एक कांडी बदलावयाची आहे. त्यातच एका मागाचा तार तुटला आणि तो जोडीत असताना दुसऱ्याची कांडी संपली, तर तो दुसरा माग विणकराची वाट पाहत बंद राहणारच. यात आळस कुठे आला? वरच्या उदाहरणात विणकर जागेवर नसल्याच्या नोंदी सर्वांत कमी आहेत, पण कारखान्यात ओरडा बहुधा त्याच्यावरच होतो. मजुरी मीटरवर असल्याने बीम नाही म्हणून माग थांबला तरी त्याचीच मजुरी बुडते. मापात घट करणाऱ्यांना सूरह मुतफ्फिफीनमध्ये दिलेली ताकीद आपण तराजू आणि गजापुरतीच धरतो. आमच्या मते सायझिंगच्या दोषाने पडलेल्या तुटीसाठी विणकराची मजुरी कापणे हीसुद्धा मापातली घटच आहे.

एक सावधगिरी. थांबलेला प्रत्येक माग वाईट नव्हे. तार तुटूनही माग चालतच राहिला तर तो टाकाऊ कापड विणत असतो, म्हणून अशा चालू मागांवरही वहीत खूण करावी. जपानच्या साकिची तोयोदा यांच्या १९२४ च्या स्वयंचलित मागाची कीर्ती याच गुणाने झाली. तार तुटताच तो आपोआप थांबे, म्हणून एका विणकराला पुष्कळ माग सांभाळता येत. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रे बनविणाऱ्या कंपनीने घेतले. तोयोदांच्या मुलाने पुढे काढलेल्या टोयोटा मोटार कंपनीतही दोष दिसताच काम थांबविण्याचे हेच तत्त्व गेले. आपल्या साध्या मागांना ताणा व बाणा तुटताच माग थांबविणारी साधने जोडण्यासाठी केंद्र सरकारने २०१३ पासून काही वर्षे अनुदान दिले होते. ज्यांनी ती बसवून घेतली त्यांनी ती आज चालू आहेत की तारेने बांधून ठेवली आहेत, हे याच फेरीत पाहून घ्यावे.

आता कर्जाची गोष्ट. २४ मागांची कार्यक्षमता ६८ वरून ७५ टक्क्यांवर आली तर वाढलेले कापड आजच्या चालीच्या जवळजवळ अडीच मागांइतके होते. त्यासाठी ना जागा लागते ना व्याज. चांगले सायझिंग, वेळेवर बीम आणि कांड्या पोहोचविणारा एखादा पोरगा, एवढाच खर्च.

महिन्यातून एकदा फेरीचा टक्का आणि मीटरवरून काढलेला टक्का शेजारी मांडावा. फेरी ६८ सांगते आणि मीटर ६२ सांगतात, असे झाले तर माग चालू असूनही सावकाश चालतो आहे. पट्टा घसरतो का, विजेचा दाब कमी पडतो का, ते पाहावे आणि मिनिटाचे पिक पुन्हा मोजावेत. पिक बरोबर निघाले तर मग ताक्यांची मोजणी तपासावी.