गच्चीवरची बाग : माती कोठून आणायची?



शहरांतल्या कितीतरी शाळांना आता अंगण उरलेले नाही. जेथे होते तेथे फरशी बसली किंवा नवी इमारत उभी राहिली. गच्ची मात्र आहे, आणि तिला बहुधा कुलूप असते. ते कुलूप उघडून वर भाजीपाला लावावा, असे काही शाळांतील मुलांच्या मनात येते, ही आनंदाची गोष्ट आहे. पण बाग हिरवी दिसली म्हणजे ती हवामानाला हितकारक झाली, असे नव्हे. ट्रकने आणलेली लाल माती, विकतच्या प्लॅस्टिकच्या कुंड्या, रासायनिक खत आणि टँकरचे पाणी यांवर पोसलेली बाग डोळ्यांना गार वाटते, एवढेच. म्हणून 'कोणती झाडे लावायची?' या प्रश्नाआधी मुलांनी 'माती कोठून आणायची?' हा प्रश्न विचारावा, असे आम्ही सुचवतो.

झाड कशाचे बनते?

सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट फान हेल्मोंट या शास्त्रज्ञाने एक साधा प्रयोग केला. सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली आणि तीत विलो जातीचे सव्वादोन किलोचे रोप लावले. पाच वर्षे केवळ पाणी घातले. शेवटी झाडाचे वजन सुमारे ७७ किलो भरले. माती मात्र वाळवून तोलल्यावर जेमतेम ६० ग्रॅम कमी झाली होती. झाड पाण्यापासून बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच बरोबर होता. उरलेले उत्तर पुढच्या शास्त्रज्ञांनी शोधले : पाने हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतात आणि सूर्यप्रकाशाच्या बळावर त्यातून झाडाचे अंग घडवतात. माती थोडे क्षार देते, ओलावा धरते आणि मुळांना आधार देते.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, पालेभाजीला मातीचा ढीग लागत नाही. अर्ध्या फुटाचा भुसभुशीत, सकस थर पुरतो. दुसरी, वाळलेले पान किंवा भाजीचे देठ म्हणजे हवेतून आलेला कार्बन होय. तो पुढे कोठे जातो, हे आपल्या हाती आहे.

कचरा कोठे जातो?

मुंबईत देवनारला १९२७ पासून शहराचा कचरा टाकला जाऊ लागला. जानेवारी २०१६ मध्ये तेथे मोठी आग लागली. तिचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला आणि आसपासच्या महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. ओला कचरा ढिगाखाली हवेवाचून कुजला की मिथेन वायू तयार होतो. तो पेट घेतो. आणि न पेटता वर गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबाने तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. आपल्या डब्यातली केळ्याची साल कोणाची तरी शाळा बंद पाडण्यास हातभार लावते, हे मुलांना समजले पाहिजे. तीच साल पाल्यापाचोळ्यात मिसळून, हवा खेळती ठेवून कुजवली, तर मिथेन फारसा होत नाही आणि दोन-तीन महिन्यांत माती हाती येते.

आपल्याच शहरातला धडा

हे करून दाखवणारी माणसे आपल्या महाराष्ट्रातच झाली. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभारून शेतकऱ्यांना आपल्या शेतात स्वतः प्रयोग करायला आणि मोजायला शिकवले. मुंबईत डॉ. दोशी यांनी उसाच्या चिपाडावर घरच्या गच्चीत भाज्या-फळे पिकवली. त्यांच्या पद्धतीवरून २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरात प्रीती पाटील आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंपाकघराचा ओला कचरा वापरून सुमारे तीन हजार चौरस फुटांच्या गच्चीवर बाग केली. त्यातूनच 'अर्बन लीव्हज' हा गट पुढे आला आणि माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवरही त्याचे स्वयंसेवक भाज्या पिकवू लागले.

आधी हिशेब, मग फावडे

जेथे माणसांची ये-जा असते अशा गच्चीवर दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो जादा भार धरून आपल्याकडे बांधकामाचा आराखडा करतात. ओल्या मातीचा अर्ध्या फुटाचा थर २४० किलोंच्या वर जातो. पालापाचोळ्याच्या खताचा तेवढाच थर त्याच्या निम्म्याच्या आसपास भरतो. म्हणून हलकी माती हवी, आणि तरीही अभियंत्याला स्लॅब दाखवल्याशिवाय एकही वाफा करू नये. वाफे तुळयांच्या रेषेत ठेवावेत, खाली गळती तपासून घ्यावी आणि पावसाळ्यात पाणी जायची वाट मोकळी ठेवावी. कठड्याची उंचीही पाहावी.

पानगळीच्या दिवसांत पाने जाळू न देता पोत्यांत भरून ठेवावीत. डब्यांतली साले, कॅन्टीनमधले देठ रोज तोलून वहीत लिहावेत. मासळीचे काटे व तेलकट खरकटे त्यात घालू नये, उंदीर येतात. जूनमध्ये अळू, मिरची, भेंडी लावावी, पाऊस ओसरल्यावर मेथी आणि पालक. वाफ्यांखालच्या वर्गात आणि उघड्या स्लॅबखालच्या वर्गात दुपारी दोनला थर्मामीटर पाहून दोन्ही आकडे फळ्यावर मांडावेत. बाग खरोखर काय करते, हे मुलांना आपल्याच नोंदींतून कळेल.

मे महिन्याची परीक्षा

शाळेची बाग सुट्टीत मरते. जूनमध्ये उत्साहाने लावलेले मे महिन्यात वाळून जाते आणि पुढच्या वर्षी गच्चीला पुन्हा कुलूप लागते. यावर एकच उपाय आहे. प्रत्येक वाफ्याला तीन-चार कुटुंबे नेमावीत आणि सुट्टीतल्या पाळ्या एप्रिलमध्येच ठरवाव्यात. ज्यांना पाळी घेणे जमत नाही इतके वाफे कमी करावेत. जोपासता येईल तेवढेच लावणे, हाही एक संस्कार आहे.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात वापरून फेकण्याच्या वृत्तीकडे आपले लक्ष वेधले. 'टाकाऊ' हा शब्द आपण वस्तूंना लावतो, आणि त्याची सवय झाली की हळूहळू माणसांनाही लावू लागतो. साल आणि देठ यांची माती होताना ज्या मुलाने पाहिली, तो हा शब्द वापरण्यापूर्वी थोडा थांबेल, अशी आम्हांला आशा आहे.

विचार करण्यासाठी :
१. आपल्या घरातून आठवड्याला किती किलो ओला कचरा जातो? एकदा तोलून पाहिला आहे का?
२. तो गाडीत पडल्यावर पुढे कोणाच्या दाराशी जातो?
३. आपल्या शाळेच्या बागेला मे महिन्यात पाणी कोण घालील?