सव्वा किलोचा हिशोब

हलका लॅपटॉप बहुधा आधी बिजागरीत जातो. प्रोसेसर ठणठणीत असतो, स्क्रीन लख्ख असते, आणि एके दिवशी झाकण उघडताना डाव्या कोपऱ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो. निपाणीतला दुरुस्तीवाला पेचकस हातात घ्यायच्या आधीच सांगून टाकतो, “हिंज गेलाय, सर.” तळाचे झाकण उतरवून तो दाखवतो तेव्हा बिजागरीचे पोलादी पाते शाबूत असते, स्क्रूही शाबूत असतो, स्क्रू ज्यात पिळायचा ते पितळी नट मात्र प्लास्टिकचा टवका घेऊन उपटून आलेले असते. “ह्याला नट धरायला जागाच ऱ्हायली नाही बघा.”

यात घातपात काही नाही. वजन कमी करायचे म्हणून कवचाचे प्लास्टिक पातळ केले जाते आणि पितळी नट त्यात गरम करून रुतवले जाते. झाकण रोज दहा-बारा वेळा उघडते-मिटते, तेही एका कोपऱ्याला धरून. बिजागरी धुळीने घट्ट होत जाते आणि सगळा ताण त्या नखाएवढ्या प्लास्टिकवर येतो. पहिली चीर पडली तेव्हाच दाखवले तर काम थोडक्यात निभावते. महिनाभर तसेच रेटले की झाकणाची कड उकलते, बिजागरीतून जाणारी डिस्प्लेची केबल रगडली जाते आणि स्क्रीनवर उभ्या रेघा येतात. मग बिल दुसऱ्याच आकड्याचे होते.

प्रस्तुत लेखक चिकोडीत करसल्लागाराचे काम करतो. त्याचा सव्वा किलोचा लॅपटॉप 2019 च्या दिवाळीतला. त्यात कन्नडसाठी नुडी, मराठीसाठी श्रीलिपी आणि इंग्रजीत जीएसटीची रिटर्न्स, अशी सीमाभागातली त्रिभाषिक गृहस्थी. चिकोडी, निपाणी, संकेश्वर अशा फेऱ्या मोटारसायकलवर, पाठीला सॅक. पहिली दोन वर्षे कौतुकाचीच होती. पाठीवर काही आहे हेच जाणवायचे नाही. तिसऱ्या वर्षी टचपॅड दाबला जाईना, कारण खालची बॅटरी फुगून वर आली होती. त्यानंतर बिजागरी. आणि या सगळ्याला पुरून उरलेली अडचण म्हणजे मदरबोर्डलाच डाग देऊन बसवलेली चार जीबी रॅम. मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची नियमित सुरक्षा अद्यतने थांबवली. विंडोज 11 ची किमान अटही चार जीबीचीच, म्हणजे हे मशीन कागदावर पात्र आणि कामाला अपात्र. ब्राउझरच्या चार टॅब आणि एक्सेल एकत्र उघडले की चहा पिऊन यावे. रॅमची पट्टी बदलता आली असती तर प्रश्न तासाभरात मिटला असता.

रॅम बोर्डालाच जोडून टाकायची ही रीत रुळली ती 2008 पासून. त्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोच्या मंचावर स्टीव्ह जॉब्स यांनी कागदी पाकिटातून मॅकबुक एअर बाहेर काढला. वजन 1.36 किलो, सर्वांत पातळ कडेला जाडी चार मिलिमीटर. त्याची रॅम बोर्डाला जोडलेली होती आणि बॅटरी वापरणाऱ्याने बदलायची सोय नव्हती. 2011 मध्ये इंटेलने ‘अल्ट्राबुक’चा झेंडा उभारला आणि बाकीच्या कंपन्याही त्या वाटेला लागल्या. पातळपणाची हौस कुठवर जाते याचा दाखलाही ॲपलनेच दिला. 2015 चा बारा इंची मॅकबुक भरला अवघा 920 ग्रॅम. त्यासाठी नव्या ‘बटरफ्लाय’ पद्धतीचा, अगदी उथळ कीबोर्ड बनवला गेला. बारीक धूळ किंवा खाण्याचा कण आत गेला की कळ अडकायची, नाहीतर एकाच दाबात दोन अक्षरे उमटायची. 2018 मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली, आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या ग्राहकांच्या दाव्यात 5 कोटी डॉलरची तडजोड झाली. निपाणीत तंबाखूच्या वखारीशेजारी बसून काम करणाऱ्याने ही गोष्ट दोनदा वाचावी.

हलके आणि टिकाऊ एकत्र नांदूच शकत नाही, असे मात्र नाही. याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात घडले. 2007 च्या ऑक्टोबरात खैराट धनगरवाड्यातल्या छोट्याशा शाळेत निकोलस निग्रोपाँटे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ योजनेतली हिरवी-पांढरी एक्सओ यंत्रे आली. वजन साधारण दीड किलो. पण काय काय विचार केलेला होता पाहा. प्लास्टिकचे कवच दोन मिलिमीटर जाड. कीबोर्ड एकसंध रबरी पडद्याचा, म्हणजे पाणी-धूळ आत जायला फट नाही. आत पंखा नाही, फिरणारी हार्ड डिस्क नाही. बॅटरी हाताने निघणारी. तिची लिथियम-फेरो-फॉस्फेटची आवृत्ती दोन हजार चार्जसाठी आखलेली. आणि प्रस्तुत लेखकाला सर्वांत भावलेली गोष्ट: मूठ उघडली की आत जादा स्क्रू ठेवलेले. हे यंत्र कधीतरी कोणीतरी उघडणार, हे बनवणाऱ्याने आधीच मान्य केले होते.

अर्थात ही यंत्रेही अमर नव्हती. उरुग्वेत ती मोठ्या संख्येने वाटली गेली तेव्हा दुरुस्तीची व्यवस्थाही उभारावी लागली. पॅराग्वेतल्या शाळांचा अभ्यास करणाऱ्या मॉर्गन एम्स यांच्या 2019 च्या पुस्तकात मोडून पडलेल्या यंत्रांच्या हकिगती आहेत. फरक एवढाच की ती मोडली तर उघडता येत होती.

आता चिकोडीच्या हवामानाकडे या. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या गाळ्यात दुपारी बसवत नाही, तिथे लॅपटॉपने तरी काय करावे? पातळ मशीनचा पंखाही पातळ, हवा घ्यायच्या चिरा तळाला. गादीवर ठेवला की चिरा बंद. दोन वर्षांत पंख्याच्या जाळीवर राखाडी धुळीचा थर बसतो, मग प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो आणि मालक म्हणतो, “व्हायरस आला वाटतं.” वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, तळ उघडून जाळी साफ करून घ्यावी. ब्लोअरने बाहेरूनच धूळ उडवू देऊ नये: थर आत ढकलला जातो आणि पंखा भन्नाट फिरून खराबही होऊ शकतो.

दुसरी गोष्ट अर्थिंगची. धातूच्या कवचाचा लॅपटॉप चार्जिंगला लावून त्यावरून बोटाची मागची बाजू हळूच फिरवा. मुंग्या आल्यासारखे झाले तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाही, किंवा चार्जर दोन पिनचा आहे. ही गळती अगदी सूक्ष्म असते, पण घराच्या वायरिंगचे पितळ ती उघडे पाडते. चार्जर तीन पिनांचा असेल तर वायरमनला बोलवावे. तीन पिनांच्या चार्जरला दोन पिनांचा कन्व्हर्टर लावायची आपल्याकडची सवय तर आजच सोडावी.

बॅटरीला दोन शत्रू: उष्णता, आणि कायम शंभर टक्के भरलेले राहणे. हेस्कॉमची वीज कधी जाईल याचा नेम नसल्याने आपण चार्जर काढतच नाही, म्हणजे दोन्ही शत्रू घरातच पोसतो. बऱ्याच लॅपटॉपमध्ये 80 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते. इथल्यासाठी प्रस्तुत लेखकाचे मत असे की इन्व्हर्टर असलेल्या ऑफिसात ती मर्यादा खुशाल लावावी आणि वळवाच्या दिवसांत काढून टाकावी. ऐन रिटर्नच्या तारखेला ढग गडगडत असताना वीस टक्के कमी बॅटरी परवडत नाही. बॅटरीची खरी प्रकृती कळायला विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी’, एक जागा, तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असे इंग्रजीत टाइप करावे. जो अहवाल तयार होतो त्यात मूळ क्षमता आणि आता उरलेली क्षमता शेजारीशेजारी दिसतात. उरलेली निम्म्यावर आली असेल तर बदलायच्या तयारीला लागावे.

फुगलेली बॅटरी दिसली की चार्जिंग बंद, मशीन बंद. तिला दाबून बसवू नये, टोचू नये, कचऱ्यात टाकू नये. कचरा पेटवला जातो आणि लिथियम बॅटरी तिथे भडकते.

नवा हलका लॅपटॉप घ्यायला कोल्हापूर-बेळगावला निघालात तर किमतीआधी तो उलटा करून बघा. तळाला साधे दिसणारे स्क्रू आहेत की सगळे रबरी पट्टीखाली दडवलेत? रॅम बोर्डाला जोडलेली असेल तर सोळा जीबीखाली घेऊ नका, कारण आज घ्याल तेवढीच शेवटपर्यंत. झाकण मधोमध धरून एका हाताने उघडा, कवच करकरले तर दुसरे मॉडेल पाहा. चार्जिंग टाइप-सीची असेल तर एकापेक्षा जास्त टाइप-सी जागांवर चार्ज होतो का ते विचारा. एक सैल झाली तर दुसरी हाताशी असते. दुकानदार ‘घरपोच सर्व्हिस’ म्हणाला तर चिकोडीचा 591201 हा पिन सांगून त्या कंपनीचा माणूस इथवर येतो का, ते कंपनीच्या ग्राहक सेवेकडून पक्के करून घ्या. शहरातली हमी तालुक्याच्या गावात येईपर्यंत बरीच पातळ होते.

दुरुस्तीचा हक्क हा विषय सरकारदरबारीही पोचला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती पाहता येते. युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027 पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला सहज काढता आली पाहिजे, असा नियम लागू व्हायचा आहे. अमेरिकेतल्या फ्रेमवर्क या कंपनीने 2021 मध्येच 1.3 किलोचा, रॅम-बॅटरीपासून स्क्रीनपर्यंत सगळे घरी बदलता येणारा लॅपटॉप काढून दाखवला. आपल्याकडच्या दुकानांत तो दिसत नाही.

ज्याचे मशीन टेबलावरून हलतच नाही त्याने हलक्याच्या नादी का लागावे, हे प्रस्तुत लेखकाला कळलेले नाही. पावणेदोन किलोचा, रॅमची एक जागा मोकळी असलेला लॅपटॉप त्याला अधिक वर्षे साथ देईल. पाठदुखी असलेला, एसटीने फिरणारा, रोज वर्गावर नेणारा मास्तर मात्र हलकाच घेईल आणि घ्यावाही. फक्त सॅकमध्ये डब्याशेजारी नको, आणि सॅक मोटारसायकलच्या टाकीवर आवळून बांधायची नाही, कारण दाबाने पातळ स्क्रीनला आतून डाग पडतात.

जुना हलका लॅपटॉप भाच्याला अभ्यासाला द्यायचा झाला तर आधी बॅटरी तपासून घ्या. फुगलेली असेल तर दुरुस्तीवाल्याकडून काढून टाका. पुष्कळ मॉडेल्स बॅटरीविना चार्जरवर चालतात, पण वीज गेली की तत्क्षणी बंद पडतात. त्याला छोटा यूपीएस जोडून द्या आणि बिजागरी ढिली असेल तर झाकण उघडेच ठेवायला सांगा.