'थांबा' : कोठे आणि कशासाठी?

आदिलाबादहून जैनथ व बेला या गावांवरून सीमेपलीकडे कोरपना आणि पुढे चंद्रपूरकडे जाणारी सडक आमच्या नित्य परिचयाची आहे. तिच्यावरून बसगाड्या, मालमोटारी व फटफट्या धावतात. तिला जागोजागी शेतरस्ते व खेड्यांचे रस्ते येऊन मिळतात, आणि त्यांवरून बैलगाड्या, ट्रॅक्टर, सायकली व पायी येणारी शाळकरी मुले सडकेवर येतात. अशा एखाद्या चौरस्त्यावर टक्कर झाली, की दुसऱ्याच दिवशी 'येथे चारही बाजूंना थांबा अशी पाटी लावा' अशी मागणी होऊ लागते. मागणीमागील तळमळ खरी असते. परंतु पाटीने अपघात खरोखरच टळेल काय, हा प्रश्न तळमळीने सुटत नाही. त्यासाठी पाहावे लागते, मोजावे लागते आणि थोडे गणितही करावे लागते.

प्रथम या पाटीची ओळख करून घेऊ. पहिली 'थांबा' पाटी १९१५ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात लागली, असे सांगतात. ती पांढरी व चौकोनी होती. पुढे १९२३ च्या सुमारास तिला अष्टकोनी आकार मिळाला आणि १९५४ साली तेथे तिचा रंग तांबडा ठरला. आज आपल्या देशातही ती अष्टकोनी व तांबडीच असते. या आकारात मोठे शहाणपण आहे. आमच्या भागात कोणी मराठी बोलतो, कोणी तेलुगू, कोणी गोंडी वा कोलामी. कोणास एक लिपी येते, कोणास दुसरी, तर कोणास एकही येत नाही. पण आठ कोपऱ्यांची पाटी न वाचताही ओळखता येते. इतकेच नव्हे, तर दुसऱ्या रस्त्यावरून येणाऱ्यास ती पाठीमागूनही ओळखू येते.

पाटी नसलेल्या चौरस्त्यावर कायदा नसतो, असा काहींचा समज आहे. तो चुकीचा आहे. चौरस्ता जवळ येताच वेग कमी करावा, लहान रस्त्यावरून मुख्य रस्त्यावर येताना तेथील वाहनांस आधी जाऊ द्यावे, आणि इतर ठिकाणी आपल्या उजव्या हाताने येणाऱ्यास वाट द्यावी, असा नियम आहेच. पाटीची खरी गरज तेव्हा भासते, जेव्हा हा नियम पाळण्याची इच्छा असूनही समोरचे वाहन वेळेवर दिसत नाही.

'वेळेवर' म्हणजे किती, हे आपण गणिताने काढू. ताशी ५० किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे १४ मीटर अंतर कापते. धोका दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद जातात असे धरले, तर तेवढ्यात ती ३५ मीटर पुढे येते. ब्रेक लागल्यावर थांबण्यास आणखी सुमारे २५ मीटर लागतात. एकूण ६० मीटर झाले. आपल्या देशातील रस्तेबांधणीच्या मानकांतही या वेगासाठी एवढेच अंतर धरलेले आहे.

आता सडक ओलांडणाऱ्याच्या बाजूने पाहू. सडक ७ मीटर रुंद आहे आणि बैलांसह गाडीची लांबी ६ मीटर आहे, असे गृहीत धरू. गाडी पूर्ण पार होण्यास १३ मीटर चालावे लागेल. बैल सेकंदाला एक मीटर चालले, तर १३ सेकंद लागतील, आणि तेवढ्या वेळात मोटार १८२ मीटर पुढे आलेली असेल. त्याच चालीने चालणाऱ्या लहान मुलास सडक ओलांडण्यास ७ सेकंद, म्हणजे मोटारीच्या हिशेबाने ९८ मीटर लागतात. येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. शेतरस्त्याच्या तोंडाशी 'थांबा' पाटी लावली, गाडीवान तिचा मान राखून थांबला, परंतु तुरीच्या उभ्या पिकामुळे त्यास सडकेचा ७० मीटरच भाग दिसत असला, तर त्याच्या थांबण्याचा उपयोग काय? त्याने सडक रिकामी पाहून गाडी हाकली, तरी मोटार मध्येच येऊन ठाकेल. अशा वेळी एकतर दृष्टी मोकळी केली पाहिजे, नाहीतर सडकेवरील वाहनांचा वेग कमी केला पाहिजे. हे दोन्ही अशक्य असेल, तरच सडकेवरही जादा पाट्या लावून सर्वांनाच थांबविण्याचा विचार करावा.

मग सर्वत्रच पाट्या लावण्यास हरकत कोणती? हरकत मनुष्यस्वभावाची आहे. जेथे दहादा थांबूनही आडवे कोणी येत नाही, तेथे अकराव्या वेळी चालक थांबत नाही. ही सवय त्यास एका पाटीपुरती लागत नाही. तो दुसऱ्या, खऱ्या गरजेच्या पाटीकडेही तसाच दुर्लक्ष करू लागतो. पाटीवर विसंबून निर्धास्तपणे पाऊल टाकणाऱ्या मुलाच्या वाट्याला मात्र पूर्वीपेक्षा अधिक धोका येतो. म्हणूनच अमेरिकेच्या २००९ च्या वाहतूक-चिन्हांच्या नियमपुस्तिकेत, केवळ वेग आवरण्यासाठी ही पाटी वापरू नये, असे सांगितले होते. चारही बाजूंना पाट्या लावण्यासाठी तिने कसोट्याही दिल्या होत्या : अशा पाट्यांनी टळू शकले असते असे पाच अपघात बारा महिन्यांत झालेले असणे, किंवा दिवसातील आठ तास मोठ्या रस्त्यावर ताशी सरासरी ३०० वाहने, लहान रस्त्यावर वाहने, सायकली व पादचारी मिळून ताशी २००, आणि लहान रस्त्यावरील वाहनांस गर्दीच्या तासात सरासरी ३० सेकंद खोळंबा. हे आकडे आमच्या बैलगाड्यांच्या मुलखास जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. पण आधी मोजावे आणि मग ठरवावे, ही रीत घेण्यासारखी आहे.

हे काम विद्यार्थ्यांनाही करता येईल. शिक्षकांच्या देखरेखीखाली, सडकेपासून सुरक्षित अंतरावर चौघांनी चार बाजूंना बसावे. वहीत मोटार, फटफटी, ट्रॅक्टर, बैलगाडी, सायकल व पादचारी असे रकाने आखावेत आणि दर पंधरा मिनिटांची नोंद स्वतंत्र ठेवावी. एक साधा दिवस, एक बाजाराचा दिवस आणि कापूस आदिलाबादच्या बाजाराकडे जाऊ लागल्यानंतरचा एक दिवस असे तीन दिवस तरी मोजावे, कारण आषाढातील सडक आणि मार्गशीर्षातील सडक एक नव्हे. टक्कर होता होता वाचली, तर तीही नोंदवावी. जुनी पाटी असेल, तर दर दहा वाहनांपैकी किती चाके पूर्ण थांबली, हे लिहावे. शेवटी गाडीवानाच्या आणि लहान मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून किती दूरचे दिसते, ते टेपाने मोजावे.

पाटी रोवण्याचा अधिकार आपला नव्हे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो शासनाकडे व शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्यांकडे ठेवला आहे. परंतु 'पाटी पाहिजे' एवढ्या एका ओळीच्या अर्जापेक्षा तीन दिवसांच्या मोजणीचा तक्ता जोडलेला अर्ज अधिक वजनदार ठरेल, यात आम्हांस शंका वाटत नाही. कदाचित मोजणीअंती असेही आढळेल, की पाटीची गरजच नाही. कोपऱ्यावरील झुडपे तोडली, आड येणारा फलक हलविला आणि पुसट झालेला पांढरा पट्टा पुन्हा रंगविला, तरी पुरे. तसे निघाल्यास वाईट वाटून घेऊ नये. आपणांस पाटी नको आहे. सायंकाळी शाळा सुटल्यावर प्रत्येक मूल घरी सुखरूप पोचावयास हवे आहे.