विश्लेषणात्मक निबंध : वर्णनाच्या पुढची पायरी

शालेय निबंध म्हणजे बहुधा फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त, पावसाळ्यातील एक दिवस किंवा सूर्य उगवलाच नाही तर काय होईल याचे कल्पनाचित्र असते. अशा लेखनाने भाषा घडते हे खरे, परंतु महाविद्यालयात अपेक्षित असलेला विश्लेषणात्मक निबंध, म्हणजेच एखाद्या प्रश्नाला दिलेले आणि पुराव्याने सिद्ध केलेले उत्तर, त्यातून आपोआप साधत नाही. म्हणून दहावीला भाषाविषयांत उत्तम गुण मिळवलेला विद्यार्थी प्रथम वर्षात अडखळला, तर त्याची बुद्धी कमी पडली असे पालकांनी मुळीच समजू नये.

‘1972 च्या दुष्काळाने महाराष्ट्राच्या धोरणात कोणता बदल घडवला?’ हा प्रश्न घेतला, तर कोरड्या विहिरी आणि खडी फोडणारी माणसे यांचे चित्र कितीही हृदयस्पर्शी उतरले तरी ते वर्णनच राहते. ‘दुष्काळातील तात्पुरत्या मदतीचे रूपांतर पुढे कामाच्या कायदेशीर हक्कात झाले’ असे निश्चित विधान विद्यार्थी करतो, तेथून विश्लेषणाला प्रारंभ होतो. या विधानाला प्रतिपादन म्हणतात. त्याच्या पुष्ट्यर्थ 1977 चा रोजगार हमी कायदा आणि रोजगार हमी योजनेच्या खर्चासाठी बसवलेला व्यवसाय कर यांचा उल्लेख येईल, पण केवळ सनावळी म्हणजे पुरावा नव्हे. मदत शासनाच्या इच्छेवर अवलंबून असते, कायद्याने मान्य झालेले काम मात्र मागून घेता येते, आणि कर दरवर्षी जमा होत असल्याने पाऊस पडला म्हणून योजनेचा निधी आटत नाही, हा दुवा जोडल्यावरच त्या तपशिलांना अर्थ येतो. यानंतर भारतीय शास्त्रपरंपरेत ज्याला पूर्वपक्ष म्हणतात, ते विरोधी मत प्रामाणिकपणे मांडावे लागते: खडी फोडून गावाची पाणीटंचाई हटली नाही, मग बदल तो कोणता? या आक्षेपामुळे प्रतिपादनाला मुरड घालावी लागली, म्हणजे हक्क बदलला पण पावसावरचे अवलंबित्व तसेच राहिले असे म्हणावे लागले, तर निबंध दुबळा होत नाही. उलट अधिक विश्वसनीय होतो.

हे कौशल्य महाविद्यालयापुरतेच लागते असे नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत 250 गुणांच्या निबंधपत्रिकेत तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात, आणि राज्यसेवा मुख्य परीक्षाही 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. येथे वर्णनात्मक याचा अर्थ पर्याय न निवडता सविस्तर उत्तर लिहिणे एवढाच असून, त्या उत्तरात परीक्षण व कारणमीमांसा, म्हणजे घटनेमागील कारणांचा शोध, यांची अपेक्षा असतेच. गाइडमधील तयार मुद्दे पाठ केल्याने ही क्षमता येत नाही, कारण प्रश्नाचा रोख किंचित बदलला तरी ते मुद्दे निरुपयोगी ठरतात.

सरावासाठी निबंध लिहून झाल्यावर प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य तेवढे वेगळे उतरवून सलग वाचावे. युक्तिवादाचा धागा जेथे तुटलेला दिसेल, तेथे शब्द बदलण्यापूर्वी विचार पुन्हा तपासावा. घरातील कोणी विषयाचे जाणकार नसले, तरी ही वाक्ये ऐकून ‘हे कशावरून?’ असे विचारणे त्यांनाही सहज शक्य असते.